मूक कर्नेलची नाडीपरीक्षा : जेटॅग द्वाराचा उपयोग व त्याच्या मर्यादा

संगणकावर चालणाऱ्या सामान्य आज्ञावलीत दोष उद्भवला तर तो हुडकून काढण्याचे काम दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीकडे सोपविता येते. ही दुसरी आज्ञावली, म्हणजे दोषशोधक, सदोष आज्ञावलीस हवे तेथे थांबविते, तिची रजिस्टरे व तिची स्मृती वाचते, तिला एकेक पाऊल पुढे चालविते. आणि हे सर्व घडत असताना दोघींच्याही खाली संचालन-प्रणाली, म्हणजे जिला सर्वत्र ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, शाबूत उभी असते. थांबविणे, वाचणे, पुढे चालविणे या तिन्ही क्रिया वस्तुतः तीच करीत असते; दोषशोधक केवळ तिच्याकडे विनंती करतो. परंतु दोष खुद्द संचालन-प्रणालीच्या मूळ भागात, म्हणजे कर्नेलमध्येच असेल, तर विनंती कोणाकडे करावयाची? स्मृतीची वाटणी करणे, इंटरप्टांची दखल घेणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, कळफलकावर दाबलेली कळ ओळखणे ही सर्व कामे ज्याच्याकडे, तोच आजारी पडलेला असतो. रोग्याने स्वतःची नाडी स्वतःच धरून निदान सांगावे, अशी ही अपेक्षा होय.

व्यवहारात या अपेक्षेवरच बराच काळ काम भागविले जाते, हेही मान्य केले पाहिजे. कर्नेलच्या मजकुरात ठिकठिकाणी संदेश छापणाऱ्या आज्ञा पेरावयाच्या आणि शेवटचा संदेश कोणता उमटला यावरून दोषाचे स्थान ताडावयाचे, हा सर्वांत जुना उपाय अद्यापही सर्वांत अधिक वापरात आहे. लिनक्स या कर्नेलचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्‌स यांनी तर २००० साली कर्नेलमध्ये दोषशोधकाचा समावेश करण्यास जाहीर नापसंती दर्शविली होती. दोषशोधक हाताशी असला की माणूस मजकूर समजून घेण्याऐवजी लक्षणांवर मलमपट्टी करू लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. या मतात तथ्य नाही असे नाही. तथापि केजीडीबी हा दोषशोधक २००८ साली लिनक्सच्या २.६.२६ या आवृत्तीत अधिकृतपणे दाखल झालाच. त्याच्या योगाने एका संगणकावरील कर्नेलची तपासणी सीरियल तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरून करता येते. मात्र केजीडीबी हा स्वतः कर्नेलचाच एक भाग आहे. त्याला जाग येण्यासाठी कर्नेलने निदान एक अपवाद-प्रसंग नीट हाताळावा लागतो व सीरियल तारेवर अक्षरे पाठविण्याइतके भान त्यास असावे लागते. इंटरप्ट बंद करून एखाद्या वेटोळ्यात अडकलेल्या कर्नेलला हे भान नसते.

येथेच आणखी एका गैरसमजाचे निराकरण करणे इष्ट होय. वैयक्तिक संगणकांच्या यूएसबी नियंत्रकात ‘डीबग पोर्ट’ या नावाची एक सोय असते. नाव सारखे असले तरी ती केवळ एक साधी वाहिनी आहे. तिच्यातून एका वेळी जास्तीत जास्त ८ बाइट जातात, व ते पाठविण्याचे कष्ट कर्नेललाच घ्यावे लागतात. पूर्ण यूएसबी यंत्रणा उभी राहण्यापूर्वीचे संदेश बाहेर काढण्यास ती उपयोगी पडते खरी. परंतु मुक्या रोग्यापुढे ती वही-लेखणी ठेवण्यासारखे आहे. लेखणी धरण्याचे त्राणच उरले नसेल, तर वहीचा उपयोग नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले द्वार याहून सर्वस्वी निराळे आहे. ते कर्नेलच्या संमतीची वा सहकार्याची अपेक्षाच करीत नाही.

संमतीवाचून तपासणी करण्याची ही कल्पना नवी नव्हे. १९६५ साली बाजारात आलेल्या पीडीपी-८ या संगणकाच्या दर्शनी फलकावर दिव्यांच्या व खटक्यांच्या रांगा होत्या. एक खटका दाबला की यंत्र थांबे. दुसऱ्या खटक्याने हव्या त्या पत्त्यावरील शब्द दिव्यांवर दिसे. तिसऱ्याने तेथे नवा शब्द ठेवता येई. आणि एकेक आज्ञा चालवून पाहण्याचीही सोय होती. यंत्रात कोणती आज्ञावली चालू आहे, ती शहाणी आहे की बिघडलेली आहे, याच्याशी त्या फलकास काही कर्तव्य नव्हते, कारण तो थेट विद्युत्‌-मंडलांशी जोडलेला होता. पुढे सबंध प्रोसेसर एका चकतीवर मावू लागला तेव्हा हे दिवे व खटके नाहीसे झाले, आणि त्यांच्याबरोबर तपासणीची ती वाटही बुजली. मधल्या काळात प्रोसेसर जागेवरून उपटून तेथे त्याचे सोंग वठविणारे एक मोठे उपकरण बसविण्याची पद्धत रूढ झाली. इंटेलने ८०८० या प्रोसेसरसाठी असे उपकरण १९७५ च्या सुमारास काढले. प्रोसेसरांचा वेग वाढत गेला तसे हे सोंग वठविणे अवघड व खर्चिक होत गेले. त्याची कथा येथे लांबविण्याचे कारण नाही.

चार तारांचे द्वार

बुजलेली वाट पुन्हा उघडली ती मात्र एका निराळ्याच गरजेतून. १९८० नंतरच्या दशकात विद्युत्‌-फलकांवरील चकत्या इतक्या दाट बसू लागल्या, आणि त्यांचे पाय इतके बारीक झाले, की फलकावरील जोडण्या तपासण्यासाठी सुया टेकविण्यासही जागा उरेना. काही चकत्यांचे पाय तर त्यांच्या पोटाखालीच दडू लागले. बाहेरून सुई टेकविता येत नसेल, तर प्रत्येक पायापाशी चकतीच्या आतच एक छोटी तपासनीस पेशी ठेवावी आणि या साऱ्या पेशी एका माळेत ओवून त्यांतील मजकूर एकामागून एक बाहेर सरकवावा, असा तोडगा निघाला. १९८५ साली स्थापन झालेल्या, प्रथम युरोपीय व पुढे आंतरराष्ट्रीय झालेल्या एका संयुक्त गटाने त्याचा पाठपुरावा केला. त्या गटाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘जेटॅग’ हा शब्द रूढ झाला, व १९९० साली आयट्रिपलई या संस्थेने ११४९.१ या क्रमांकाने त्याचे मानक प्रसिद्ध केले.

या मानकाची रचना इतकी सुटसुटीत आहे की ती थोड्या तपशिलाने पाहणे योग्य ठरेल. चकतीतून फक्त चार तारा बाहेर येतात. एकीवर ताल असतो, म्हणजे ठोक्यांची नियमित मालिका. दुसरीवरून मजकूर आत जातो. तिसरीवरून बाहेर येतो. आणि चौथीवरील शून्य वा एक यावरून पुढील ठोक्याला काय करावयाचे ते ठरते. पाचवी, पुनःप्रारंभाची तार, ऐच्छिक आहे. आतील नियंत्रक एकंदर १६ अवस्थांमधून फिरतो. या अवस्थांची मांडणी अशी चतुराईने केलेली आहे की नियंत्रक कोणत्याही अवस्थेत असला, तरी चौथ्या तारेवर ओळीने पाच ठोके ‘एक’ ठेवले की तो हटकून आरंभस्थानी परत येतो. पलीकडे काय चालले आहे याची मुळीच कल्पना नसता संवाद सुरू करता यावा, ही दोषशोधनाची पहिली गरज. ती येथे पायाभूत रचनेतच भागविलेली आहे.

प्रत्यक्ष संवाद दोन टप्प्यांनी होतो. प्रथम एका आज्ञा-रजिस्टरात संकेत सरकवून चकतीतील कोणते रजिस्टर माळेत ओवावयाचे ते निवडले जाते. मग त्या रजिस्टरातून मजकूर बिटाबिटाने सरकविला जातो. जितके बिट आत जातात तितकेच जुने बिट दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. त्यामुळे लिहिणे व वाचणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू ठरतात. एकाच माळेत अनेक चकत्या असल्या, तर ज्यांच्याशी काम नाही त्या आपल्या जागी फक्त एका बिटाचा दुवा ठेवून बाजूला होतात.

मानकाने आणखी एक गोष्ट केली, व तिचे महत्त्व त्या वेळी फारच थोड्यांना जाणवले असेल. निर्मात्याला आपली खाजगी रजिस्टरेही याच माळेत ओवण्याची मुभा तिने ठेवली. फलकाच्या जोडण्या तपासण्यासाठी उघडलेल्या या दिंडीतून मग प्रोसेसरच्या माजघरापर्यंत जाण्याची सोय झाली. एआरएम कंपनीच्या, १९९० नंतरच्या दशकात अतिशय गाजलेल्या एआरएम७टीडीएमआय या प्रोसेसरच्या लांबलचक नावातील ‘डी’ हे अक्षर दोषशोधनाचे व ‘आय’ हे त्यासाठी चकतीत बसविलेल्या मंडलाचे द्योतक आहे. त्या मंडलात पहारा ठेवणारे दोन घटक होते. अमुक पत्ता वा अमुक मजकूर आढळला की प्रोसेसर जागच्या जागी थांबवावयाचा, एवढेच त्यांचे काम. पीडीपी-८ चे खटके अशा रीतीने चार तारांच्या रूपाने परत आले.

एक प्रत्यक्ष उदाहरण

आजच्या कर्नेलच्या संदर्भात हे सर्व कसे घडते ते समजण्यासाठी रास्पबेरी पाय ३ हा सर्वत्र मिळणारा छोटा संगणक सोयीचा आहे. त्यात कॉर्टेक्स-ए५३ जातीचे चार कोअर आहेत, म्हणजे एकाच चकतीत चार प्रोसेसर नांदतात. जोडणीच्या पट्टीवरील २२ ते २७ या क्रमांकांच्या तारा जेटॅगसाठी वापरता येतात. आरंभीच्या फाइलमध्ये तशी एक ओळ लिहिली म्हणजे झाले. येथे एक उणीव मात्र राहते. ती ओळ वाचण्याचे काम चकतीतील चित्र-प्रोसेसरवर चालणारी मूळ आज्ञावली करते, व म्हणून त्यापूर्वी घडलेल्या गोष्टी या द्वारातून दिसत नाहीत. तारांच्या दुसऱ्या टोकाला यूएसबीवर चालणारे एक स्वस्त जोडयंत्र व त्यापलीकडे ओपनओसीडी ही मुक्त आज्ञावली लागते. ही आज्ञावली मुळात डॉमिनिक राथ यांनी २००५ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील उपयोजित विज्ञान विद्यापीठात पदविका-प्रबंधासाठी लिहिली. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधावर जगभरच्या प्रयोगशाळांतील इतके काम उभे राहावे, ही गोष्ट विद्यापीठीय वाचकांना सुखावणारी आहे.

आता एक दोष कल्पावा. तो कल्पित असला तरी उपकरण-चालकांच्या लेखनात वारंवार घडणारा आहे. एका उपकरणाची माहिती एका सामाईक यादीत ठेवलेली आहे व तिच्या रक्षणासाठी एक कुलूप आहे. हे कुलूप दुसऱ्याने लावलेले असेल तर वाट पाहणारा कोअर झोपी न जाता जागच्या जागी गिरक्या घेत राहतो. चालकातील एक फंक्शन कुलूप लावून यादीत फेरफार करू लागते, परंतु इंटरप्ट बंद करण्यास विसरते. नेमक्या त्या क्षणी, त्याच कोअरवर, त्याच उपकरणाचा इंटरप्ट येतो. हातचे काम अर्धवट टाकून इंटरप्टचा हस्तक पुढे सरसावतो आणि यादी पाहण्यासाठी तेच कुलूप मागतो. ते त्याला मिळणे शक्य नाही, कारण ज्याने ते उघडावयाचे ते फंक्शन त्याच्याच खाली दबलेले आहे. इंटरप्ट हाताळताना त्या कोअरवरील इतर इंटरप्टही बंद असतात. परिणामी तो कोअर जगाला कायमचा दुरावतो.

इतर तीन कोअरांना काय कळते? लिनक्समध्ये आरसीयू नावाची एक यंत्रणा प्रत्येक कोअरकडून अधूनमधून हजेरीची अपेक्षा करते. बहुतेक मांडण्यांत २१ सेकंद हजेरी लागली नाही की ती तक्रार नोंदविते. म्हणजे अमुक कोअर अडकला, एवढे वृत्त बाहेर येऊ शकते. अर्थात्‌ संदेश छापणाऱ्याला त्याच कुलपाची गरज लागली नाही तर. परंतु तो कोठे अडकला हे त्यालाच विचारावे लागते, आणि विचारण्याचा मार्ग म्हणजे पुन्हा इंटरप्टच. ज्याने कान झाकून घेतले आहेत त्याला हाक मारण्यासारखेच हे आहे.

जेटॅग द्वारातून हाक मारावी लागत नाही. दोषशोधक चकतीतील परस्पर-संकेताच्या मंडलास एक स्पंद देतो आणि चारही कोअर थांबतात. इंटरप्ट चालू आहेत की बंद, हा प्रश्नच उद्भवत नाही. थांबलेल्या कोअरच्या एका विशेष रजिस्टरात बाहेरून एखादी आज्ञा सरकविली, की तो तेवढीच आज्ञा पार पाडून पुन्हा स्तब्ध होतो. ‘अमुक रजिस्टर टपाल-पेटीत ठेव’ अशी आज्ञा द्यावयाची व पेटीतील शब्द तारेवरून बाहेर काढावयाचा. अशा रीतीने कोअरची सारी रजिस्टरे, थांबला तो पत्ता आणि त्या क्षणीची अवस्था वाचली जाते.

वरील उदाहरणात तीन कोअर विसावा घेताना आढळतील. चौथ्याचा पत्ता कुलपासाठी गिरक्या घेणाऱ्या फंक्शनच्या आत पडेल. त्याच्या अवस्था-रजिस्टरात इंटरप्ट बंद असल्याचा बिट ‘एक’ दिसेल. कुलपाचा ३२ बिटांचा शब्द वाचला, तर तो षोडशमान पद्धतीने १०१ भरेल. खालच्या बाइटातील एक म्हणजे कुलूप लावलेले आहे. वरच्या बाइटातील एक म्हणजे नेमका एक उमेदवार दाराशी ताटकळत आहे. तो उमेदवार कोण हे आधीच कळले आहे. राहता राहिला कुलूप लावणारा. त्यासाठी स्टॅकवरील एकेक चौकट उलगडीत मागे जावयाचे. इंटरप्टसाठी स्वतंत्र स्टॅक असल्यामुळे हा माग मध्येच एका स्टॅकवरून दुसऱ्यावर उतरतो, आणि उतरल्यावर जे पहिले फंक्शन भेटते ते चालकाचेच असते : कुलूप लावून अर्ध्यावर थांबलेले. फिर्यादी व आरोपी एकाच कोअरवर, एकावर एक बसलेले सापडतात. कुलूप लावतानाच इंटरप्ट बंद करणारे रूप वापरले म्हणजे दोष मिटतो. दुरुस्ती एका ओळीची, परंतु ती कोणत्या ओळीची हे या मागावाचून कळले नसते. लिनक्समध्ये कुलपांच्या वापराचा हिशेब ठेवणारा ‘लॉकडेप’ नावाचा पर्याय आहे, व तो चालू असता तर हा दोष अडकण्यापूर्वीच उघडकीस आला असता, हेही सांगावयास हवे. पण तो यंत्राचा वेग मंदावतो, म्हणून ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या कर्नेलमध्ये तो सहसा नसतो.

याच मार्गाने आणखी एक मोलाची गोष्ट हाती लागते. कर्नेलने लिहिलेले पण पडद्यापर्यंत न पोहोचलेले संदेश स्मृतीतील एका वर्तुळाकार साठ्यात पडून असतात. लिनक्सच्या मूळ मजकुराबरोबर २०१५ पासून जीडीबी या दोषशोधकासाठी काही सहायक लेख मिळतात. त्यांच्या साहाय्याने हा साठा थांबलेल्या यंत्रातून सरळ वाचता येतो. मरणाऱ्याने जे सांगावयाचे ठरविले होते पण जे ओठांबाहेर आले नाही, ते असे ऐकू येते.

मर्यादा

एवढ्यावरून हे द्वार म्हणजे निर्दोष आरसा आहे असा समज करून घेणे मात्र चुकीचे होईल. पहिली अडचण पत्त्यांची. एआरएमच्या ६४-बिटी लिनक्समध्ये ४.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, कर्नेल प्रत्येक वेळी आभासी स्मृतीतील निराळ्या जागी बसविण्याची सोय झाली. चोराला पत्ता कळू नये हा हेतू. पण तो वैद्यालाही कळत नाही. दोषशोधकाच्या यादीतील फंक्शनांची नावे मग भलत्याच पत्त्यांना चिकटतात, आणि स्टॅकवरील माग वाचताना अगदी विश्वसनीय दिसणारी, पण साफ खोटी, कहाणी तयार होते. म्हणून प्रयोगापुरती ही सोय बंद करण्याचा प्रघात आहे. दुसरे असे की कर्नेलचे भाषांतर नेहमी वेगासाठी पिळून काढलेल्या स्वरूपातच होते. मूळ मजकुरातील ओळींचा क्रम यंत्रभाषेत टिकत नाही. एकेक पाऊल पुढे जाताना दर्शक मागेपुढे उड्या मारतो. आणि ज्या चलाची किंमत हवी तो पुष्कळदा कोणत्याच रजिस्टरात उरलेला नसतो.

थांबे ठेवण्याचाही प्रश्न सरळ नाही. सामान्य आज्ञावलीत हव्या त्या जागची आज्ञा पुसून तेथे ‘थांब’ ही आज्ञा लिहिता येते. कर्नेल मात्र आपल्या आज्ञांची पृष्ठे केवळ वाचनासाठी खुली ठेवते. कोअरकरवी तेथे लिहू गेल्यास तोच अटकाव आडवा येतो. लिहिणे साधलेच, तरी जुनी आज्ञा कॅशमध्ये शिल्लक राहिल्यास थांबा नुसता कागदावर राहतो. म्हणून चकतीतील तयार थांब्यांवर भिस्त ठेवणे श्रेयस्कर. पण ते मोजके आहेत : कॉर्टेक्स-ए५३ च्या प्रत्येक कोअरमध्ये आज्ञांसाठी सहा व स्मृतीवरील पहाऱ्यासाठी चार. यांपैकी स्मृतीवरील पहारा विशेष उपयोगी पडतो. अमुक शब्द कोणी तरी बिघडवितो, पण कोण ते कळत नाही, अशा वेळी त्या शब्दावर पहारा बसवून स्वस्थ वाट पाहिली म्हणजे अपराधी लिहिता क्षणीच सापडतो. छापील संदेशांच्या मार्गाने यास आठवडे लागू शकतात.

वेगाची कल्पना एका हिशेबाने येईल. एआरएमच्या या रचनेत प्रत्येक देवघेव ३५ बिटांची असते : ३२ बिट मजकूर, दोन पत्त्याचे, व एक वाचावयाचे की लिहावयाचे हे सांगणारा. अवस्था बदलण्याचे ठोके धरून एका शब्दास ४० ठोके लागतात असे मानले आणि ताल सेकंदाला १० लाख ठोक्यांचा ठेवला, तर सेकंदाला २५,००० शब्द, म्हणजे १ लाख बाइट बाहेर येतील. या संगणकाची १ गिगाबाइट स्मृती सबंध उतरवून घ्यावयाची तर जवळजवळ तीन तास लागतील. आणि हा आदर्श हिशेब झाला. सारांश, या द्वारातून डोकवावयाचे असते, घर रिकामे करावयाचे नसते. काय शोधावयाचे याची अटकळ आधी बांधावी लागते. टॉर्व्हाल्ड्‌स यांच्या आक्षेपाला येथे आपोआप उत्तर मिळते, किंवा आक्षेप मान्य होतो असे म्हटले तरी चालेल.

परंतु सर्वांत मूलगामी मर्यादा काळाची आहे. कोअर थांबतात, जग थांबत नाही. चित्र-प्रोसेसर आपले काम करीतच असतो, उपकरणे स्मृतीत मजकूर टाकीत राहतात, जाळ्याच्या दुसऱ्या टोकाचा संगणक उत्तराची वाट पाहून संबंध तोडतो. रास्पबेरी पायमधील पहारेकरी घड्याळाची मुदत अधिकात अधिक सुमारे १५ सेकंदांची असते. ते चालू केलेले असेल आणि तपासणाऱ्याने स्टॅकवरील माग वाचता वाचता चहाचा एक घोट घेतला, तर यंत्र मेले असे समजून ते सर्व पुन्हा प्रारंभापासून सुरू करते व पुरावा धुऊन निघतो. पुढे चाल दिल्यावर कर्नेलला काळ एकदम उडी मारून गेलेला दिसतो, आणि ते स्वतःच्याच आरोग्याविषयी नाना तक्रारी नोंदवू लागते. त्यांपैकी मूळ दोषाच्या कोणत्या व तपासणीने उत्पन्न केलेल्या कोणत्या, हे ओळखण्यास सराव लागतो. दोन कोअरांच्या शर्यतीतून उद्भवणारे दोष तर थांबवून पाहिले की पुष्कळदा नाहीसेच होतात. अशा दोषांसाठी न थांबविता केवळ वाटचालीची नोंद ठेवणारी मंडले अलीकडील प्रोसेसरांत असतात. त्यांचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

दिंडी उघडी राहिल्यास

कर्नेलची संमती न घेता आत शिरता येणे हा या द्वाराचा गुण. आणि नेमका तोच त्याचा धोका. कर्नेल ज्या ज्या भिंती उभारते, म्हणजे वापरणाऱ्यांचे परस्परांपासून संरक्षण, परवलीचे शब्द, गुप्त किल्ल्या, त्यांपैकी एकही या वाटेवर आडवी येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये हॅम्बुर्ग येथे भरलेल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये मक्सीम गोर्याची व मार्क येर्मोलोव्ह या संशोधकांनी असे दाखवून दिले, की २०१५ पासूनच्या इंटेलच्या काही प्रोसेसरांत दोषशोधनाची वाट सामान्य यूएसबी जोडणीवरही उपलब्ध होती. पूर्वी फलकावर खास जोडणी शोधावी लागे. आता कोणत्याही संगणकाच्या कडेला असते तेच छिद्र पुरेसे ठरण्याचा संभव निर्माण झाला.

त्याहून विचार करावयास लावणारे संशोधन २०१९ साली वेन स्टेट विद्यापीठातील झेन्यू निंग व फेंगवेई झँग यांनी ‘नेलगन’ या नावाने प्रसिद्ध केले. त्यांच्या हल्ल्यात बाहेरून तार जोडावीच लागत नाही. एआरएमच्या रचनेत दोषशोधनाची रजिस्टरे स्मृतीच्या पत्त्यांवरही दिसतात. म्हणजे एक कोअर दुसऱ्या कोअरचा दोषशोधक होऊ शकतो. पहिल्या कोअरवर कर्नेलच्या दर्जाचा अधिकार मिळविलेली आज्ञावली दुसऱ्यास थांबविते व त्याच्या त्याच आज्ञा-रजिस्टरात अशी आज्ञा सरकविते, की तो सर्वोच्च अधिकाराच्या पातळीवर चढतो. जे कर्नेललाही वाचण्याची मुभा नाही, ते मग वाचता येते. तपासणाऱ्याचा अधिकार किती याची चौकशीच यंत्राने केलेली नसते. वर वर्णिलेल्या रास्पबेरी पाय ३ वर त्यांनी सुरक्षित विभागाचे एक नियंत्रण-रजिस्टर वाचून दाखविले, आणि हुआवेच्या मेट ७ या फोनमधून बोटाच्या ठशाची प्रतिमा बाहेर काढली.

हे रोखण्याची तरतूद मूळ आराखड्यात नव्हती असे नव्हे. दोषशोधनास परवानगी देणारे चार स्वतंत्र संकेत एआरएमने ठेवलेले आहेत, व सुरक्षित विभागासाठी त्यांपैकी दोन वेगळे राखलेले आहेत. अनेक निर्मात्यांनी ते विक्रीच्या यंत्रांतही उघडेच ठेवले होते, हे या संशोधनाने उघडकीस आणले.

उलट टोकाचा उपाय म्हणजे चकतीतील सूक्ष्म फ्यूज जाळून द्वार कायमचे बंद करणे. आय.एमएक्स ६ या प्रोसेसरांच्या कुळात यासाठी तीन पायऱ्या आहेत : द्वार खुले, ५६ बिटांच्या किल्लीने प्रश्नोत्तर झाल्यावरच खुले, आणि दोषशोधनास पूर्ण मज्जाव. मधली पायरी निवडली तर प्रत्येक यंत्राची किल्ली जपून ठेवण्याची जबाबदारी निर्मात्यावर येते, आणि दहा वर्षांनी परत आलेल्या यंत्राची किल्ली कोणत्या नोंदवहीत आहे हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. या कटकटीमुळे पुष्कळ ठिकाणी शेवटच्या पायरीचाच अवलंब होतो. त्यानंतर ते यंत्र ग्राहकाच्या घरी मूक होऊन परत आले, तर त्याच्या कर्नेलची नाडी पाहण्याचा हा मार्ग खुद्द निर्मात्यालाही राहत नाही. जळालेला फ्यूज पुन्हा जोडता येत नाही.